तीन तासांसाठी अख्खा पलंग!

अहो, ऐका! हातातलं काम ठेवा बाजूला! मला हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडायची नाही आणि घरातली माणसं आता मी तोंड उघडलं की हळूच उठून जायला लागलीत.

विमानातलं बिझनेस क्लासचं तिकीट स्वस्तात मिळतं! लंडन-अमेरिकेचं नाव काढू नका, तिथे आपलं काम नाही. पण जवळच्या परदेशाचं! दुबई, मस्कत, कोलंबो! मुंबईहून तीन तासांच्या आतबाहेरचं! आता ‘स्वस्त’ म्हणजे किती, असं विचाराल तर थांबा, सांगते सगळं, तिथेच तर खरी गंमत आहे.

आधीच कबूल करते, मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी धाडची. बुलढाणा जिल्ह्याच्या पार कडेचं गाव, जरा पुढे गेलं की लागलंच जालन्याचं भोकरदन. विमान आम्हाला दिसतं ते मान वर करून. पण दुबईच्या भाऊजींनी आमच्या सासूबाईंना बोलावलंय, त्यांची पंचाहत्तरी झाली, गुडघे कुरकुरतात, आणि तिकीट काढायचं काम माझ्याकडे आलं. मी मोबाइलवर साधं तिकीट बघत होते. तिथे वर ‘इकॉनॉमी’ लिहिलेलं असतं ना, त्यावर बोट ठेवलं की खाली यादी उघडते. म्हटलं, नुसतं बघायला काय पैसे पडतात? दाबलं ‘बिझनेस’! आणि मग महिन्याचं कॅलेंडर उघडलं, आणि मग प्रत्येक तारखेखाली वेगळा भाव, एक तारीख दुसरीच्या जवळजवळ दुप्पट, आणि मग मी उठून बसले, आणि मग दिवा लावला, आणि मग पलीकडच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, “काऊन गं, झोपत नाई का?” कशी झोपू, आत्याबाई!

विमान तेच, खुर्ची तीच, खिडकी तीच, आणि मंगळवारचा भाव निराळा, सोमवारचा निराळा! आमच्या जवळ पिंपळगाव रेणुकाईला मिरचीचा बाजार भरतो, तिथे सकाळचा भाव संध्याकाळी राहत नाही, ते आम्हाला ठाऊक. पण खुर्चीला मिरचीसारखा भाव असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

कारण ऐका. या खुर्च्या मुळात कचेरीच्या पैशाने फिरणाऱ्यांसाठी. 1970च्या दशकाच्या अखेरीस हा वर्ग निघाला तोच मुळी रुसव्याफुगव्यातून! पूर्ण भाडं भरणारे म्हणायला लागले, सवलतीवाल्यांच्या मांडीला मांडी लावून आम्ही का बसायचं? मग त्यांच्यासाठी वेगळा पडदा लागला. आता हे साहेब लोक प्रवास करणार कधी? आठवड्याच्या सुरुवातीला जायचं, शेवटाला परतायचं. मधल्या वारी आणि सणासुदीला ते घरी! मग पडद्याआडच्या खुर्च्या रिकाम्या, आणि रिकाम्या खुर्चीचं विमान एकदा उडालं की त्या खुर्चीची किंमत शून्य! म्हणून कंपनी भाव उतरवते. सणाच्या आठवड्यात मी दोन्ही भाव शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर साधं तिकीट आभाळाला भिडलेलं आणि बिझनेसचं जागच्या जागी!

आणि अक्षरं! प्रत्येक तिकिटाला एक गुप्त अक्षर असतं! बिझनेसमध्ये बहुतेक ठिकाणी ‘जे’ सगळ्यात महाग, आणि ‘डी’, ‘आय’, ‘झेड’ ही त्याची स्वस्त भावंडं. प्रत्येक अक्षराच्या थोड्याच जागा. आता बघा हं, जवळ या! स्वस्त अक्षराच्या दोनच जागा उरल्या असल्या आणि तुम्ही चौघांचं तिकीट शोधलं, तर यंत्र चौघांनाही वरच्या महाग अक्षरात बसवतं! दोघांचं शोधलं की भाव खाली! मी चाराचे दोन केले आणि आकडा माझ्या डोळ्यांदेखत उतरला! मी परत चार केले. चढला! परत दोन. उतरला! मी हा खेळ किती वेळ खेळले ते सांगत नाही.

परतीचंही तसंच. नुसतं जायचं तिकीट कधी कधी जायच्या-यायच्या जोडतिकिटाच्या जवळपास जातं! हे कुठलं गणित? आमच्या एसटीत असं असतं का?

एसटीवरून आठवलं. सासूबाईंना पंचाहत्तरी झाल्यापासून एसटी फुकट, 2022 सालची अमृत योजना. मला अर्धं तिकीट, मार्च 2023 पासून. म्हणजे एकीचं शून्य आणि एकीचं अर्धं तिकीट काढून आम्ही धाडहून छत्रपती संभाजीनगरला जाणार, तिथून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस, आणि मग मुंबईला बिझनेस क्लासच्या रांगेत उभ्या राहणार! हसू नका! धाडहून मुंबई गाठायला रात्र जाते आणि मुंबईहून दुबई तीन तास, त्यातही घड्याळ दीड तास मागे, म्हणजे निम्मा प्रवास परत हातात!

आता खरा हिशोब. आमचे हे म्हणाले, साध्या तिकिटापेक्षा महागच ना? हो, महागच! पण कुठलं साधं? स्वस्त विमानाचं ते मोहक तिकीट घ्या, त्यात जादा सामान धरा, पुढची खुर्ची धरा, जेवण धरा, तारीख बदलायची सोय धरा. मी वहीत ओळीने मांडलं आणि बेरीज करताना माझाच हात थांबला! अंतर आहे, पण एवढंसं! लांबच्या प्रवासाला हे अंतर काही लाखांचं होतं, जवळच्याला ते माणसात राहतं. सामानाचंच घ्या. दुबईच्या एमिरेट्स कंपनीच्या बिझनेसला चाळीस किलो! चाळीस! कुरडया, पापड, शेवया, काळा मसाला, भाऊजींच्या मुलांचे लाडू, सगळं बसून वर जागा उरते! (अनारसे नेणार असाल तर खसखस लावू नका. दुबईत खसखशीवर बंदी आहे, पकडतात! अनारसा खसखशीविना म्हणजे काय ते मला विचारू नका, पण कायदा तो कायदा.)

आणि पलंग! खुर्चीचा पलंग होतो! दुबईच्या मार्गावर ते दोन मजली विमान येतं, एअरबस ए-380, आणि बिझनेस क्लास वरच्या मजल्यावर! एकेक, मधे दोन, पुन्हा एक अशा खुर्च्या, म्हणजे कुणालाच कुणाची मांडी ओलांडावी लागत नाही. वर मागच्या बाजूला चक्क बार! सासूबाईंना मी ते सांगितलेलं नाही. पण प्रत्येक विमान असं नसतं, म्हणून तिकिटाच्या बाजूला बारीक अक्षरात विमानाचं नाव असतं ते वाचाच. ए-380 दिसलं की उडी मारा. बोइंग 777 दिसलं की जरा थांबा, एमिरेट्सच्या जुन्या 777मध्ये बिझनेसलाही दोन-तीन-दोन अशा रांगा असतात, म्हणजे एवढे पैसे मोजून मधलं माणूस मधेच! आणि युरोपातली गंमत ऐका. तिथल्या छोट्या प्रवासात बहुतेक विमानांत खुर्ची साध्या वर्गाचीच असते, फक्त मधली रिकामी ठेवतात! रिकाम्या खुर्चीचे पैसे! बाप्पा!

याच्या उलट बाली. अॅमस्टरडॅमहून केएलएमचं मोठं विमान सिंगापूरला येतं, आणि तिथून तेच विमान पुढे बालीला जातं, अडीच-तीन तास. त्यात लांबच्या प्रवासाचे पलंग बसवलेलेच असतात, ते काही सिंगापूरला उतरवून ठेवत नाहीत! मग सिंगापूर-बालीपुरतं तिकीट तुम्ही काढू शकता! परक्या कंपनीने दोन परक्या देशांमध्ये प्रवासी न्यायचे, याला हवाई कायद्यात ‘पाचवं स्वातंत्र्य’ म्हणतात. 1944 साली शिकागोला देश जमले, त्यातून ही स्वातंत्र्यं आली. मला आपलं एकच स्वातंत्र्य माहीत होतं!

अजून एक, लिलाव! साधं तिकीट काढून ठेवायचं, आणि मग बऱ्याच कंपन्या विचारतात, वरच्या वर्गात बसायला किती द्याल? पडद्यावर एक काटा असतो, रक्कम वाढवली की तो सरकतो. बोली लागली तरच पैसे जातात, नाही लागली तर जैसे थे! पण उत्तर येतं अगदी शेवटच्या एक-दोन दिवसांत, आणि वर बसायला मिळालं तरी जादा सामान मिळतंच असं नाही. चाळीस किलोवाल्यांनी या नादी लागू नये, असं माझं मत.

थोडं पाणीही ओतते, नाहीतर म्हणाल फसवलं. साध्या तिकिटावर जीएसटी पाच टक्के, बिझनेसवर सप्टेंबर 2025 पासून अठरा, आधी बारा होता. म्हणून शेवटच्या पानावरचा आकडाच खरा. काही कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त बिझनेस तिकिटात विमानतळावरचा तो आरामाचा लाउंज नसतो, तेही बघून घ्या. बहरीनला किंवा मस्कतला थांबून जाणारं तिकीट बरेचदा आणखी खाली येतं, पण म्हाताऱ्या माणसाला विमान बदलायला लावून पैसे वाचवू नयेत. तुम्ही तरुण असाल तर खुशाल थांबा. आणि व्हीलचेअर मागायला बिझनेस लागत नाही बरं का, ती साध्या तिकिटालाही फुकट मिळते, फक्त आधी सांगून ठेवायचं.

मी आता भाव ‘ट्रॅक’ करायचं बटण दाबून ठेवलंय. भाव पडला की मोबाइल टुंग करतो. भाजी फोडणीला टाकली की टुंग. शेजारच्या काकू आल्या की टुंग. काकूंचं कोणी दुबईला नाही, तरी त्यांच्या मोबाइलवरही मी बटण दाबून दिलंय, आता त्याही रोज भाव विचारतात!

थांबा, टुंग झालं! बुधवार. ए-380. अक्षर ‘आय’. दोन जागा! बरोब्बर दोन! यांचं कार्ड कुठंय? अहोऽऽ!