ऊन, पाऊस आणि रस्ता

मोटरसायकलवर बसताना अंगात काय घालायचं, हे आमच्या घरी आभाळाकडे बघून ठरायचं. आजोबा नोकरीसाठी नागपूरहून जबलपूरला आले. पुढे बाबा इथल्या व्हीकल फॅक्टरीत लागले आणि निवृत्त होईपर्यंत राजदूतवरून कामावर गेले. जानेवारीतल्या पहाटे ते आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र घेत, उभी घडी घालून स्वेटरच्या आत छातीवर सपाट बसवत आणि वरची कड गळ्याशी मफलरखाली खोचत. लोकरीच्या विणीतून वारा आरपार जातो, कागदातून जात नाही. फॅक्टरीत पोचल्यावर तोच कागद काढून हाताने सारखा करत आणि जेवणाच्या सुट्टीत वाचत.

पावसाळ्यात खिळ्यावर डकबॅकचा रेनकोट असायचा. कलकत्त्याच्या सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली सुरू केलेला हा कारखाना. त्या रबरी कापडाचा वास आणि आतल्या बाजूला हाताला लागणारी पांढरी भुकटी मला अजून आठवते. मे महिन्यात बाबा डोक्याला ओला पंचा गुंडाळत आणि आई त्यांच्या खिशात लू लागू नये म्हणून कांदा ठेवायची. थंडी, पाऊस, ऊन, तिन्हींचा बंदोबस्त होता. रस्त्याचा मात्र कोणी विचार केला नव्हता. बाबा सावकाश चालवत, सावध असत आणि तेवढं पुरेसं आहे असं सगळ्यांनीच धरलं होतं.

मी बँकेत कृषी अधिकारी म्हणून शहपुराच्या शाखेत आले, तेव्हा माझ्याकडेही तेच शहाणपण होतं. शहपुरा म्हणजे जबलपूरहून भोपाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तहसिलीचं गाव. शेजारी भिटौनीचं रेल्वे स्टेशन, एका अंगाला नर्मदा आणि चहूकडे काळी जमीन. या पट्ट्याला हवेली म्हणतात. शेतांना उंच बांध घालून पावसाचं पाणी आतच कोंडून ठेवायचं आणि ते सोडून दिलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा, ही इथली जुनी पद्धत. आता हिवाळ्यात सगळीकडे मटार. पीककर्जाच्या पाहणीसाठी शेजारच्या पाटणच्या बाजूला गावोगाव जायचं, तर मोटरसायकलशिवाय इलाज नाही.

आणि हवा म्हणाल तर इथे एका वर्षात तीन देश राहतात. जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, मेमध्ये चव्वेचाळिसाला टेकतो आणि पावसाळ्यात तेराशे मिलिमीटरच्या आगेमागे पाणी पडतं. गाडीवर हे सगळं आणखी धारदार होतं. ८ अंशांच्या सकाळी ताशी ६० किलोमीटरने निघालात, तर वाऱ्यामुळे उघड्या अंगाला ते २ अंशांसारखं झोंबतं.

मी विंडचीटर घेतला. हलका, नायलॉनचा, घडी केली की डिकीत मावणारा. शाखेतल्या सगळ्यांकडे तसलाच होता.

पहिल्या पावसाच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते. तिच्यावर सर पडून गेली की साबणासारखा पातळ लेप होतो, आणि तो लांबून दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. अशाच रस्त्यावर एका पुलाजवळ शाखेतले एक सहकारी माझ्या पुढे घसरले. वेग चाळीसच्या आतबाहेर असेल. हाड मोडलं नाही. पण विंडचीटरची बाही घासली गेली, तापली आणि वितळून कोपराच्या जखमेत बसली. दवाखान्यात परिचारिका चिमट्याने तो निळा नायलॉन एकेक तुकडा करून काढत होत्या आणि ते दात आवळून भिंतीकडे बघत होते. मी त्यांचा दुसरा हात धरला होता. थंडी-पावसाला पुरलेला तो कपडा रस्त्यावर काही क्षणही टिकला नाही, हे मी त्या टेबलाशी उभं राहून पाहिलं.

त्यानंतर मी जॅकेटचा अभ्यास पीककर्जाच्या प्रकरणाइतक्याच चिकाटीने केला. २०११ साली लिझ डी रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात कॅनबेरा भागात अपघात झालेल्या दोनशेहून अधिक मोटरसायकलस्वारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता की हे कपडे इजेपासून वाचवतात की नुसतंच हवेपासून. उत्तर दिलासा देणारं होतं: मोटरसायकलचं जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हायची वेळ कमी आली. पण त्याच अभ्यासात सुमारे तीस टक्के जॅकेटं अपघातात फाटली किंवा उसवली होती. म्हणजे जॅकेट घेतलं एवढ्याने भागत नाही, कोणतं घेतलं हे बघावं लागतं.

ते कसं बघायचं? आपल्याकडे हेल्मेटला आयएसआय चिन्हाची सक्ती आहे, जॅकेटला तशी सक्ती नाही. त्यामुळे दुकानात 'मजबूत' हा शब्द कशालाही लागतो. निदान युरोपातलं मानक हाताशी आहे, २०२० चं ईएन १७०९२. त्यात ए, डबल ए आणि ट्रिपल ए असे चढते वर्ग आहेत. खांदे आणि कोपर आधी आपटतात, म्हणून तिथल्या कापडाची घासणी सर्वांत कडक: ए वर्गाला ताशी ४५ किलोमीटरच्या वेगाची, डबल एला ७० ची, ट्रिपल एला १२० ची. माझी गाडी पन्नास-साठने चालते, म्हणून मी डबल एवर बोट ठेवलं. आतल्या कवचांचाही हिशेब आहे. खांद्या-कोपराच्या पहिल्या पातळीच्या कवचातून ठरावीक आघातात सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बळ पलीकडे गेलं तरी चालतं, दुसऱ्या पातळीला मर्यादा २० ची. पाठीला तर पुष्कळ जॅकेटांत कवच नसतंच, नुसती फोमची पट्टी असते. ती हाताने दाबून पाहिली की कळतं.

विक्रेते डेनिअर सांगतात. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. त्यावरून धागा किती जाड ते कळतं, किती चिवट ते कळत नाही. ६०० डेनिअरच्या साध्या पॉलिएस्टरपेक्षा ५०० डेनिअरचं कॉर्ड्युरा नायलॉन घासणीला जास्त टिकतं. मी आकडा सोडून शिवण बघितली: खांद्यावर आणि बाहीवर दुहेरी-तिहेरी टीप आहे का, की एकाच दोऱ्यावर सगळा भार आहे.

लेबलवर लिहिलेलं असतं 'सर्व ऋतूंसाठी'. बाहेर जाळीदार कापड, आत काढता येणारं पावसाचं अस्तर आणि थंडीचं दुसरं. कल्पना चांगली आहे. पण पावसाचं अस्तर आत असल्यामुळे बाहेरचं कापड भिजतं, जड होतं आणि वाऱ्यावर वाळताना अंगातली ऊब ओढून घेतं. अशा अस्तरांत वापरतात त्या सूक्ष्म छिद्रांच्या पातळ पडद्याचा शोध बॉब गोर यांनी १९६९ साली लावला. पाण्याचा थेंब अडतो, वाफ बाहेर जाते. हे थंड, कोरड्या प्रदेशात छान चालतं. श्रावणात आपल्याकडे बाहेरची हवाच वाफेने भरलेली असते, तेव्हा आतल्या घामाला बाहेर जायला ओढ उरत नाही. म्हणून मी पावसात जॅकेटवरून साधा रेनकोट घालते, बाबांच्या डकबॅकसारखा. उन्हाळ्यात त्यांचा पंचाही उपयोगी पडला. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की वारा अंगाला थंड करत नाही, तापवतो, आणि घाम क्षणात उडून जातो. तेव्हा आत ओला सुती सदरा घालते, जॅकेटच्या झडपा अर्ध्याच उघड्या ठेवते. ओल हळूहळू वाळते आणि पाटणपर्यंत थंडावा पुरतो. हवेसाठी जुनं शहाणपण अजून पुरतं. जॅकेट मी हवेसाठी घेतलंच नाही, रस्त्यासाठी घेतलं. सगळ्या हवेत चालायला हवं ते एवढ्यासाठी, की उकडतंय म्हणून ते घरी खुंटीवर राहू नये.

जबलपूरच्या दुकानात मला बहुतेक सगळी पुरुषांच्याच मापाची जॅकेटं दिसली. त्यांचे खांदे मला रुंद पडले आणि कवच दंडावर उतरलं. पडल्यावर ते जिथे हवं तिथे नसेल, तर असून काय उपयोग? मुंबईच्या रायनॉक्स आणि बंगळूरच्या व्हायाटेरासारख्या आपल्याकडच्या कंपन्या आहेत, इंचपट्टी घेऊन मापं जुळवता येतात, हे तेव्हा कळलं. मागवल्यावर आलेलं जॅकेट जड होतं. बाबांनी ते हातात घेऊन तोललं, कोपराची वाटी अंगठ्याने दाबली, आतल्या शिवणीवरून बोट फिरवलं. आयुष्यभर लष्करी ट्रकचे भाग तपासलेला माणूस. म्हणाले, "हे काम नीट केलंय." किंमत विचारली नाही.

यंदा शाखेत एक नवी मुलगी आली आहे, गावांचं काम तिच्याकडेही आहे. घरचे म्हणतात एवढ्या पैशांत दोन हिवाळ्यांचे कपडे होतील. मी तिच्या वडिलांशी बोलले, निळ्या नायलॉनचं सांगितलं. मग आम्ही तिची गाडी दुकानाच्या दारात उभी केली आणि तिला जॅकेट घालून हँडल धरायला लावलं, कारण उभं राहून बरोबर वाटणारी बाही गाडीवर बसलं की वर चढते. मनगट दोन बोटं उघडं पडलं. एक माप मोठं मागवलं, दंडाचा पट्टा आवळून कवच कोपरावर आणलं आणि पाठीची फोमची पट्टी काढून तिच्या जागी दुसऱ्या पातळीचं कवच तिथल्या तिथे बसवून घेतलं.