दुपार टळेपर्यंत

दुपारच्या वेळी पाहण्यासारखे जगात काही नसते, असे माझ्या सासूबाईंचे ठाम मत होते. सकाळ कामाची, संध्याकाळ दिवेलागणीची आणि दुपार टळण्याची. ‘टळणे’ हा त्यांचा शब्द. पाहुणा पिशवी उचलू लागला की त्या म्हणत, “दुपार टळू द्या, मग निघा.” मूल अंगणात पळाले की, “दुपार टळू दे रे, मग खेळ.” जणू दुपार म्हणजे वाटेवर ठाण मांडून बसलेली एखादी तापट म्हातारी! तिच्याशी वाद घालायचा नसतो; ती आपण होऊन उठून जाईपर्यंत ओसरीवर गप्प पडून राहायचे असते. कळंबच्या बाजूच्या उन्हात सारा जन्म काढलेल्या बाईचे ते शहाणपण होते. मी शहरातून आलेली, शिकलेली सून. मला तो निव्वळ आळस वाटे.

हे सारे पुन्हा आठवायला निमित्त झाले ते माझ्या मुलाने केलेल्या एका वेळापत्रकाचे. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुटीत मुलगा, सून, पाच वर्षांचा नातू, तीन वर्षांची नात आणि मी अशी आम्ही पाच जणे पुण्याहून तुळजापूरला कुलस्वामिनीच्या दर्शनाला निघालो. एवढे जातोच आहोत तर मुलांना जिल्हाही दाखवावा, असे ठरले. मुलाने मोबाइलमध्ये एक चोख तक्ता तयार केला. सकाळी सात वाजता दर्शन, अकराला नळदुर्ग, दोन वाजता धाराशिवची लेणी, चार वाजता तेर, तिथे गोरोबाकाकांचे मंदिर आणि लामतुरे संग्रहालय, रात्री मुक्कामाला परत. जेवणापुढे एकच शब्द होता : ‘गाडीत’.

“अरे, यात लेकरं झोपणार कधी?” मी विचारले.

“झोपतील की गाडीतच. आई, वर्षातून एकदा तर जातो आपण!”

या युक्तिवादापुढे कोणाचे काय चालणार? त्याच वर्षी उन्हाळ्यात आम्ही खोपोलीजवळच्या एका मोठ्या मनोरंजन उद्यानात गेलो होतो. पाळणे, घसरगुंड्या, अंधाऱ्या बोगद्यातून धावणाऱ्या गाड्या, सगळे काही झकास. पण मला त्यातले सर्वांत अधिक लक्षात राहिले ते दुपारी दोन-अडीचचे दृश्य. सकाळी दारातून उड्या मारीत शिरलेली मुले आता जागोजाग भोकाड पसरून बसली होती, आणि प्रत्येक रडणाऱ्या मुलापाशी एक घामाघूम झालेला बाप किंवा आई एकच वाक्य म्हणत होती : “एवढे पैसे भरलेत, आणि तू रडतोस!” तिकीट दिवसाचे, म्हणून दिवस वसूल करायचा. लहान मुलाचा दिवस मात्र सलग नसतो. त्याच्या एका दिवसात दोन छोटे दिवस असतात आणि मधे एक छोटीशी रात्र असते. ती रात्र काढून घेतली की दुसरा दिवस उजाडतच नाही. पहिलाच दिवस आंबत जातो. जी थोडी मंडळी बाराच्या सुमारास मुलांना घेऊन बाहेर पडली आणि चार वाजता परत आली, त्यांची मुले मात्र संध्याकाळी हसताना दिसली. त्या वेळी रांगाही ओसरल्या होत्या. ते पाहूनही आम्ही काही शिकलो नव्हतो, हे त्या तक्त्यावरून उघड होते.

तुळजापुरात पहाटेपासून दाटी होती. सात वाजता उरकायचे दर्शन व्हायला साडेदहा वाजले. परतताना नातवाने तिथल्या एका पुजाऱ्यांना विचारले, “देवी रात्रभर उभीच असते का?” त्यांनी हसून त्याला जे सांगितले, ते मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्याच्या कानांनी पुन्हा ऐकताना नवे वाटले. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. ती सिंहासनावरून हलवता येते. वर्षातून तीनदा देवी निजते. भाद्रपदात नवरात्राच्या आधी निजते ती घोरनिद्रा, पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी निजते ती मोहनिद्रा. आणि नवरात्रभर महिषासुराशी झुंजून, दसऱ्याला सीमोल्लंघन करून दमलेली देवी कोजागरीपर्यंत निजते, ती श्रमनिद्रा. त्यासाठी पालखी बुऱ्हाणनगरहून येते, पलंग अहिल्यानगरहून येतो. “म्हणजे दमल्यावर देवी पण झोपते,” एवढा सारांश काढून नातू गप्प झाला. मीही गप्प झाले. जिच्या दारी सारा महाराष्ट्र शक्ती मागायला येतो, तिलाही श्रमानंतर निजवायचे असते, हे आमच्या पूर्वजांना सुचले होते. आमच्या तक्त्याला सुचले नव्हते.

नळदुर्गच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. दिवाळीच्या दिवसांतले आमच्याकडचे ऊन फसवे. पहाटे अंगावर शाल लागते आणि बाराला डोके तापते. गाडीत धाकटीने आधी पाणी मागितले, मग पाणी नको म्हणाली, मग चप्पल नको, मग भाऊ नको. सून तिला समजावीत होती, मुलगा घड्याळाकडे पाहत होता. त्याचा आवाज चढू लागला, तसे माझ्या छातीत काहीतरी हलले. तो चढता आवाज माझ्या ओळखीचा होता. तो माझाच होता.

“गाडी थांबव,” मी म्हणाले.

रस्त्याकडेच्या एका शेतात मोठी चिंच होती. सावलीत बैलजोडी सोडलेली, बाजूला गडी भाकरी खात बसलेला. थोडा वेळ टेकू का, म्हणून विचारले, तर तोच उठून जागा झाडू लागला. म्हणाला, “बैल बी दुपारी सुटतोय, बाई. लेकरू तर लेकरू हाय. बसा निवांत.”

आम्ही सतरंजी पसरली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पाच मिनिटांत धाकटी आईच्या मांडीवर कलंडली. थोरला काही झोपला नाही. तो उताणा पडून वरच्या हिरव्या चिंचा मोजत राहिला. मोजता मोजता त्याचाही जीव थंड झाला. मुलाने झोपलंच पाहिजे, असा हट्ट धरण्यात अर्थ नसतो. त्याच्याकडून कोणी काही मागत नाही, त्याला काही दाखवत नाही, एवढे पुरते.

बऱ्याच वेळाने मुलगा हळूच म्हणाला, “आई, नळदुर्गला आपण पूर्वी आलो होतो ना?”

आलो होतो. १९८६ ची दिवाळीची सुटी. तेव्हा आम्ही उस्मानाबादला राहत होतो. २०२३ पासून त्या शहराचे आणि जिल्ह्याचेही अधिकृत नाव धाराशिव झाले. मुलगा चार वर्षांचा होता. निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, “दुपारचं कुठं तरी सावलीला टेका.” पण परतीची एस. टी. चारला होती आणि मला त्याला सगळा किल्ला दाखवायचा होता. आदिलशाहीचा इतिहास, पाणीमहाल, तोफा, सगळे. उपळ्या बुरुजाच्या उंच पायऱ्यांवर भर दुपारी त्याने बसकण मारली. मी ओढले, तो रडला. मी समजावले, तो अधिकच रडला. मग मी त्याच्या गालावर एक सणसणीत ठेवून दिली. त्याच रात्री त्याला ताप भरला, तो तीन रात्री उतरला नाही. सासूबाई उशाशी बसून होत्या. एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांचे ते न बोलणे मला अजून ऐकू येते.

“काय आठवतं तुला?” मी विचारले.

“फारसं काही नाही,” तो म्हणाला. “ऊन आठवतं. आणि तू मारलं होतंस, ते.”

तो सहज बोलला. त्यात तक्रार नव्हती. पण मी किती हौसेने त्याला तो किल्ला दाखवायला नेले होते! त्यातला एक दगडही त्याच्यापाशी उरला नव्हता. उरली होती ती माझी चापट. “चुकलं रे माझं,” मी म्हणाले. इतक्या वर्षांत हे कधी म्हटले नव्हते. “काहीतरीच काय, आई,” असे म्हणून त्याने तोंड फिरवले आणि लेकीच्या चेहऱ्यावर आलेला उन्हाचा कवडसा आपल्या हाताने झाकला. मग तो हात त्याने बराच वेळ तसाच धरून ठेवला.

समोर बैल डोळे अर्धे मिटून रवंथ करीत होते. सकाळी घाईने गिळलेले निवांतपणी पुन्हा चघळल्याशिवाय अंगी लागत नाही, हे जनावरालाही कळते. मुलांचेही तसेच असावे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांना चित्रांच्या जागा लक्षात ठेवण्याचा खेळ शिकवला होता. दुपारी झोपलेल्या मुलांना त्या जागा अधिक आठवल्या. आणि ज्या दिवशी मुले दुपारी झोपली नाहीत, त्या दिवसाची तूट रात्रीच्या झोपेनेही भरून निघाली नाही. सासूबाईंना हे सांगितले असते तर त्या म्हणाल्या असत्या, “यात शोधायचं काय?”

साडेतीनला ऊन कलले. गड्याला राम राम करून आम्ही नळदुर्गला पोहोचलो, तेव्हा तटाच्या काळ्या दगडावर पिवळी उन्हे पसरली होती. बोरी नदीचे पाणी किल्ल्यात वळवून त्यावर बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटात महाल बांधला. हे काम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ साली झाले. जलाशय भरला की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि महालात बसलेल्या माणसाच्या समोरून पाण्याचा पडदा पडतो. त्या दिवशी पाणी पडत नव्हते. तरी मुले पायऱ्या उतरून आत गेली, त्या गारव्यात उभी राहिली आणि एकमेकांना हाका मारून घुमणारा आवाज ऐकत राहिली. मला वाटले, बांधाच्या पोटात अशी बसायची जागा ठेवणारा तो बांधणारा दुपार ओळखून होता. पाणी अडवता अडवता त्याने थोडा विसावाही अडवून ठेवला होता.

लेणी राहिली, तेर राहिले. उपळ्या बुरुजावर मात्र नातू स्वतःच्या पायांनी चढला, आणि त्याच्या मागून त्याचा बाप. मी खालीच थांबले. वरून दोघांनी हात हलवले.

यंदा तेरला जायचे आहे. चार दिवसांपूर्वी मुलाने नवा तक्ता पाठवला. सकाळची जागा भरलेली आहे, संध्याकाळचीही. बारा ते साडेतीन या घरात काहीच लिहिलेले नाही. चष्मा लावून मी ती रिकामी जागा दोनदा वाचली, आणि सतरंजी उन्हात टाकायला काढली.