दहाला हात बाहेर

आमच्या दातांच्या डॉक्टरबाईंकडे माझी बाकी शून्य आहे, आणि हीच अडचण आहे. पहिल्या भेटींची फी त्यांनी लावलीच नाही. "मी तोंडात बघितलं कुठे?" म्हणाल्या.

खरंच बघितलं नव्हतं. लेक स्वमग्न, दाढ किडलेली, आणि ब्रशचा नुसता स्पर्शही त्याला सोसत नसे. आधीच्या एका दवाखान्यात "चौघांनी धरलं की होईल" ऐकून आम्ही परतलो होतो. धरून काम उरकतं, पण पुढच्या सगळ्या भेटी त्यात खर्ची पडतात. बाईंनी डोक्यावरचा दिवा मालवला, कॉम्प्रेसर बंद केला आणि फोटोंची एक पट्टी घरी दिली: दार, खुर्ची, आरसा, पुन्हा दार. रोज बघायची. स्वीडनमधल्या दंतवैद्यांनी १९९९ साली अशाच चित्रपद्धतीवर शोधनिबंध लिहिला होता, हेही त्यांनीच सांगितलं.

मग मोजणं. एकपासून सुरू, दहाला हात तोंडाबाहेर. काम अर्धं राहिलं तरी. साडेनऊ, पावणेदहा ही मोठ्यांची लबाडी त्यांनी कधी केली नाही. माझ्या मते सगळी विद्या त्या दहामध्ये होती. कधी सुटका होणार हे ठाऊक असलं की लेक तोंड उघडायचा.

दाढ कोरायची वेळच आली नाही. ३८ टक्क्यांचं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावून त्यांनी कीड थोपवली. किडलेला भाग त्याने काळा पडतो, हे आधी फोटो दाखवून बजावलं होतं. सासूबाईंना तो काळा डाग अजून खुपतो. मला नाही, पूर्ण भूल देऊन ऑपरेशन थिएटरात न्यायची पाळी टळली होती.

थेरपीत शाबासकी म्हणून मिळणारी रंगीत गोळीही त्यांच्याच नजरेत आली. थेरपिस्टशी स्वतः फोनवर बोलून त्यांनी तिच्या जागी साबणाचे फुगे आणवले. याचे पैसे कुठल्या रकान्यात लिहायचे?

केस कापणं हे आमच्या घरातलं दुसरं रणकंदन. गल्लीतल्या सलूनवाल्या दादांना मी बाईंची रीत सांगितली. तेही आता मोजतात, दहाला कात्री थांबवतात. घाईत सातावरून नवावर गेले, की लेक त्यांचा हात धरतो आणि ठणकावून म्हणतो, "आठ!"