पोर्टोफिनो : मर्यादेचे मोल

जून २०२४च्या आरंभी मुंबईतील एका उद्योगपती घराण्याच्या विवाहपूर्व सोहळ्याची सागरयात्रा इटलीच्या पोर्टोफिनो या बंदरात समाप्त झाली आणि हे नाव आपल्याकडील अनेक घरांत पोहोचले. एरवी ते चित्रपटतारे, अतिश्रीमंत आणि त्यांच्या शुभ्र यॉट यांच्या संदर्भातच कानी पडते. प्रत्यक्षात हे गाव इतके लहान आहे की, तेथे कायम वास्तव्य करणाऱ्यांची संख्या जेमतेम चारशेच्या घरात भरते. एवढ्याशा वस्तीला एवढे वैभव कसे लाभले आणि त्या वैभवाने तिच्याकडून काय नेले, हे व्यापारी कुटुंबांनी समजून घेण्याजोगे आहे.

पोर्टोफिनो इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, लिगुरिया प्रांतात, जिनोआ शहराच्या पूर्वेस एका डोंगराळ भूशिरावर वसले आहे. गावात रेल्वे नाही. मिलानहून जिनोआ आणि तेथून सांता मार्गेरिता लिगुरे स्थानकापर्यंत आगगाडीने यावे लागते. पुढचे सुमारे पाच किलोमीटर अंतर बसने, बोटीने अथवा पायी कापता येते. एका बाजूस डोंगर आणि दुसऱ्या बाजूस समुद्र, यांमधून वळणे घेत जाणारा हा अरुंद रस्ता हीच गावाची एकमेव मोटारवाट होय.

रस्ता संपतो आणि पायी थोडे उतरताच अर्धचंद्राकृती बंदर दृष्टीस पडते. पाण्याच्या काठाशी ‘पियाझेत्ता’ नावाचा फरसबंद चौक आहे आणि त्याच्याभोवती गेरू, गुलाबी व पिवळ्या रंगांची उंच, एकमेकांना खेटून उभी असलेली घरे. जवळून निरखले असता त्यांतील काही खिडक्या व नक्षीकाम केवळ रंगवलेले असल्याचे ध्यानात येते. सपाट भिंतीवर कुंचल्याने शोभा उभी करण्याची ही लिगुरियाची जुनी रीत आहे. ही घरे मूळची कोळ्यांची. पुरुष समुद्रावर जात आणि स्त्रिया दाराशी बसून लेस विणत. रोमन लेखक प्लिनी याने या बंदराचा उल्लेख ‘डॉल्फिनचे बंदर’ अशा अर्थाच्या नावाने केला आहे.

चौकातून चढण चढून गेल्यावर सान जॉर्जोचे चर्च लागते. दुसऱ्या महायुद्धात ते उद्ध्वस्त झाले होते, नंतर पुन्हा उभारले गेले. त्याच्या वरच्या अंगाला ‘कास्तेल्लो ब्राउन’ हा जुना किल्ला आहे. जिनोआतील ब्रिटिश वकील माँटेग्यू येट्स-ब्राउन यांनी १८६७ मध्ये तो विकत घेऊन त्याचे निवासस्थान केले. तेव्हापासून परदेशी धनिकांची पावले या गावाकडे वळू लागली. विसाव्या शतकाच्या मध्यास हॉलिवूडचे कलावंत आले आणि कोळ्यांच्या होड्यांच्या जागी यॉट दिसू लागल्या.

गावाचा रक्षक मानलेल्या या सान जॉर्जोचे नाव व्यापारी वाचकाला आणखी एका ठिकाणी भेटते. पोर्टोफिनो शतकानुशतके जिनोआच्या प्रजासत्ताकाच्या अधीन होते. त्या प्रजासत्ताकाच्या कर्जाची व्यवस्था लावण्यासाठी १४०७ मध्ये ‘सान जॉर्जो’ याच नावाची पेढी स्थापन झाली. राज्याला कर्ज देणाऱ्यांना तिचे हस्तांतरणीय भाग मिळत आणि परतफेडीसाठी ठरावीक करांचे उत्पन्न तिच्याकडे सोपवलेले असे. ही पेढी सुमारे चारशे वर्षे चालली आणि नेपोलियनच्या काळात, १८०५ मध्ये, बंद झाली. जिनोआच्या नगरकोशाच्या १३४० सालच्या वह्यांत द्विनोंदी पद्धतीने मांडलेले हिशेब आढळतात. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या कुटुंबांनी पोर्टोफिनोस जाताना जिनोआच्या जुन्या बंदरावरील सान जॉर्जोचा प्रासाद अवश्य पाहावा.

आहाराच्या बाबतीत येथे सावध राहणे आवश्यक आहे. या प्रांताचा सुप्रसिद्ध ‘पेस्तो’ दिसायला हिरव्या चटणीसारखा असला, तरी त्यात लसूण असतो. त्यात पडणारे पार्मेझान चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजलेले असते. पेस्तो घातलेल्या पास्त्यात अनेकदा बटाटाही असतो. मात्र ‘फारिनाता’ हा पदार्थ जैन प्रवाशाला दिलासा देणारा आहे. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल एवढ्याच साहित्याचे हे जाड धिरडे कल्हई केलेल्या तांब्याच्या मोठ्या परातीत, लाकडाच्या भट्टीत भाजतात. काही ठिकाणी त्यावर कांदा अथवा मासळी पसरतात, म्हणून आधी विचारून घ्यावे. जून महिन्यात येथे रात्री नऊच्या सुमारास सूर्यास्त होतो. त्यामुळे सायंकाळी साडेसातच्या सुमारास उपाहारगृहे उघडली, तरी रात्रिभोजनाचा त्याग करणाऱ्यांचा नियम सहज पाळला जातो.

पोर्टोफिनोच्या वैभवाचे मूळ शोधू जाता ते एका नकारात सापडते. १९३५ मध्ये कायद्याने या भूशिराला संरक्षण मिळाले आणि डोंगरावरील बांधकामावर कठोर निर्बंध आले. इटलीचा किनारा पुढे इतरत्र इमारतींनी भरत गेला, परंतु येथील पाइन, चेस्टनट व ऑलिव्हची झाडी टिकून राहिली. १९९९ मध्ये सभोवतालचा समुद्रही संरक्षित झाला. त्यातील एका लहान खाडीत तर मासेमारीच नव्हे, प्रवेशसुद्धा निषिद्ध आहे. तेथील जलचरांना मिळालेले हे अभय कोणाही अहिंसाप्रेमी मनाला समाधान देईल.

श्रावकाच्या व्रतांतील परिग्रहपरिमाणाची आठवण येथे साहजिकच होते. ‘इतके पुरे, याहून अधिक नको,’ अशी रेषा या गावाने स्वतःभोवती आखून घेतली आणि त्या रेषेनेच त्याचे सौंदर्य राखले. परंतु वहीची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. घरांच्या संख्येला मर्यादा पडली, घरांच्या हव्यासाला पडली नाही. जागा मोजक्या आणि मागणाऱ्यांच्या थैल्या अथांग, म्हणून किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्या. कोळ्यांची घरे वर्षातून काही आठवडे उघडणाऱ्या धनिकांची झाली आणि गावकऱ्यांची संख्या घटत गेली. २०२३ मध्ये गर्दी आवरण्यासाठी नगरपालिकेने बंदराकाठच्या दोन ठिकाणी दिवसा रेंगाळण्यास मनाई केली. नियम मोडणाऱ्यास २७५ युरोपर्यंत दंड ठरवला. ज्या देखाव्यासाठी लोक समुद्र ओलांडून येतात, त्याच्यापुढे क्षणभर थांबणेही अपराध ठरले!

उमास्वातींनी परिग्रहाची खूण वस्तूत न दाखवता वस्तूवरील मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत दाखवली, त्याचा अर्थ पोर्टोफिनोत नीट उलगडतो. कायदा भूमीचे परिमाण ठरवू शकतो. इच्छेचे परिमाण ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. पहिले असून दुसरे नसेल, तर सुंदर गाव टिकते, परंतु त्यात राहणारा माणूस टिकत नाही.

ऑक्टोबर २०१८च्या अखेरीस या किनाऱ्यावर भयंकर वादळ आले. शेजारच्या रापालोच्या बंदरात नांगरलेल्या कित्येक यॉट लाटांनी फोडून किनाऱ्यावर फेकल्या. पोर्टोफिनोचा एकमेव मोटाररस्ता समुद्राने गिळला आणि एप्रिल २०१९ पर्यंत तो पूर्ववत झाला नाही. जगातील धनाढ्यांच्या या आवडत्या गावाला त्या काळात होड्यांचा आणि डोंगरातील पायवाटेचाच आधार उरला. अनित्य भावनेचे इतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

त्याच डोंगरातून दीड-दोन तासांची एक पायवाट सान फ्रुत्तुओसोच्या मठाकडे जाते. तेथे आजही मोटार पोहोचत नाही. चालत अथवा बोटीनेच जावे लागते. खाडीच्या मुखाशी जुना मठ, दगडगोट्यांचा लहानसा किनारा आणि मागे घनदाट झाडी, एवढेच तेथे आहे. पोर्टोफिनोच्या चौकातील झगमगाट पाहून आलेल्या प्रवाशाने अर्धा दिवस या ठिकाणासाठी राखून ठेवावा. तेथे रेंगाळण्यास दंड नाही.