मु. पो. हॉबिटन, तालुका शायर

आपल्या अंकात आजवर स्वित्झर्लंड झालं, अलास्काची बोट झाली, मानसरोवरसुद्धा झालं. त्यामुळे आता प्रवासवर्णन लिहायचं तर नवीन गाव शोधणं आलं. मी ज्या मुलखाबद्दल लिहिते आहे तिथे जायला व्हिसा लागत नाही, बॅग हरवत नाही आणि कितीही चाललं तरी गुडघे दुखत नाहीत. मात्र तो मुलूख पृथ्वीवर नाही. त्याचं नाव मिडल-अर्थ, आणि तिथे जायचा रस्ता 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन' नावाच्या कॉम्प्युटरवरच्या खेळातून जातो.

तुम्ही म्हणाल, हे तर पोरांचं खेळणं! मीही तेच म्हणत होते. गेल्या उन्हाळ्यात टोरांटोहून नातू तीन आठवड्यांसाठी आला होता. जाताना त्याने ह्यांच्या कॉम्प्युटरवर हा खेळ घालून दिला. हे गेल्यापासून तो कॉम्प्युटर नुसता झाकून ठेवलेला होता. "आज्जी, शनिवारी संध्याकाळी सात वाजता. माझे दुपारचे दोन वाजलेले असतील. नक्की ये," असं सांगून स्वारी विमानात बसली. त्याला आता पाच महिने झाले. एकही शनिवार मी चुकवलेला नाही.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टॉल्किनची कादंबरी पुष्कळांना सिनेमामुळे ठाऊक असते. मराठीत मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने तिचा अनुवाद केला आहे. त्या कादंबरीतलं जग जसंच्या तसं उभं करून एप्रिल २००७मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या टर्बाइन नावाच्या कंपनीने हा खेळ सुरू केला. पुढे तो दुसऱ्या कंपनीकडे गेला, पण चालू राहिला. २०१०पासून सुरुवातीचा बराच भाग फुकट खेळता येतो. जगभरची माणसं एकाच वेळी त्या मुलखात वावरत असतात. समोरून येणारा दाढीवाला बुटका ड्वार्फ हा कदाचित हॉलंडमधला पोस्टमन असतो, आणि त्याच्या मागून येणारी उंच, देखणी एल्फ ही कदाचित त्याची बायको.

आत शिरताना आधी आपण कोण ते ठरवावं लागतं. माणूस, एल्फ, ड्वार्फ, हॉबिट. नातू एल्फ झाला होता, धनुष्यबाण घेतलेला. मी हॉबिट झाले. साडेतीन फूट उंची, कुरळे केस, केसाळ पाय, दिवसातून सहा वेळा खाण्याची आवड. यांतल्या काही गोष्टी माझ्यात आधीपासूनच होत्या. नाव ठेवलं चिंगी.

हॉबिटांचा तालुका म्हणजे शायर. हिरव्या टेकड्या, टेकड्यांच्या पोटात घरं, घरांना गोल दारं. मिशेल डेल्विंग हे तालुक्याचं ठिकाण. हॉबिटनला ओढ्याकाठी पाणचक्की, पुढे बायवॉटरचं तळं. इथल्या कामांत राक्षस वगैरे काही नाही. मला मिळालेलं एक काम म्हणजे टपालाची पिशवी एका गावाहून दुसऱ्या गावी ठरलेल्या वेळात पोचवायची. अडचण एकच. वाटेत चौकस हॉबिट उभे असतात. त्यांनी गाठलं की काम फसलं, कारण त्यांना कोणाचं पत्र, कुठून आलं, सगळं विचारायचं असतं. पुण्यात पेठेत राहिलेल्या माणसाला हे काम शिकवावं लागत नाही! दुसरं काम पाय पोचवण्याचं. हा खायचा पाय. (शायरमध्ये पाय दोन प्रकारचे असतात, दुसरा केसाळ.) तो घेऊन जाताना भुकेल्या हॉबिटांना चुकवायचं. आणखी गंमत म्हणजे सँडसनच्या वाडीवर तुम्हाला चक्क कोंबडी होता येतं आणि त्या अवतारात दूरदूरच्या प्रांतांत पळत जाता येतं. वाटेत एका लांडग्याने धरलं की संपलं. नातू कोंबडी होऊन कुठवर पोचला ते मला सांगायला बंदी आहे.

शेतीही आहे. आचारी, शेतकरी, शिंपी असा तिहेरी धंदा मी घेतला आहे. हॉबिटांचं मुख्य पीक पाइपमध्ये ओढायची तंबाखू. निपाणीकडच्या मंडळींना इथे अगदी घरच्यासारखं वाटेल. पैशाचा हिशोबही लिहून ठेवते: १०० तांब्याची नाणी म्हणजे एक चांदीचं, आणि १,००० चांदीची म्हणजे एक सोन्याचं. माझ्यापाशी अजून सोन्याचं एकही झालेलं नाही.

बॅग एंड हे कथानायक फ्रोडोचं घर. आम्ही पोचलो तोवर तो घर विकून निघून गेलेला. दारात उभी होती लोबेलिया, घर विकत घेतलेली त्याची नातलग बाई. कादंबरीत ती कजाग म्हणून रंगवली आहे. आमचं वाईचं घर विकलं तेव्हा घेणारी बाई मात्र फार सालस होती. तरी तिच्याकडे चहा घशाखाली उतरला नव्हता, ते लोबेलियासमोर उभं राहिल्यावर आठवलं.

इथे एक वेगळीच गोष्ट सांगायला हवी. माझं घर बर्मिंगहॅमच्या हॉल ग्रीनमध्ये. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर सेअरहोल मिल नावाची अठराव्या शतकातली पाणचक्की आहे, कोल नदीच्या काठी. टॉल्किनचा जन्म १८९२ सालचा, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनचा. तीन वर्षांचा असताना आई त्याला आणि धाकट्या भावाला घेऊन इंग्लंडला आली. वडील मागेच राहिले आणि १८९६ साली तिकडेच वारले. त्याच वर्षी आई दोन्ही मुलांना घेऊन सेअरहोलला राहायला आली. तेव्हा ते शहराबाहेरचं खेडं होतं. चक्कीवाल्याचा मुलगा पिठाने पांढराफटक झालेला असायचा, म्हणून या भावंडांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'पांढरा राक्षस'. जेमतेम चार वर्षं हे कुटुंब इथे राहिलं. पुढे टॉल्किनने शायर लिहिलं ते या आठवणींवरून. जवळच्या मोझली बॉगच्या झाडीतून कादंबरीतलं जुनं अरण्य आलं असं इथे मानतात.

इंग्रज माणूस ज्या शायरला आपलं अस्सल गाव समजतो, ते एका आफ्रिकेत जन्मलेल्या, बापाविना वाढलेल्या पोराने मनात जपलेलं आहे. उपऱ्याच्या डोळ्यांनाच गाव असं दिसत असावं. खेळातल्या हॉबिटनमध्ये चक्कीसमोर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मी नातवाला म्हटलं, "अरे, ही तर आपली चक्की! गेल्या वर्षी तुला आइस्क्रीम कुठे घेऊन दिलं होतं?" तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "नो वे!" दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा घेऊन खऱ्या चक्कीवर गेले आणि त्याला फोटो पाठवले. खेळातली आणि खरी काही सारख्या नाहीत. अमेरिकन मंडळींनी आपल्या कल्पनेने बांधलेली ती. पण पाण्याकाठचं वळण मला ओळखीचं वाटलं, आणि मला वाटलं म्हणजे वाटलं.

मला न आवडलेलंही सांगते. शायरच्या बाहेर पडलं की जो तो भेटतो तो म्हणतो, दहा लांडगे मार. मारून आलं की म्हणतो, आता आठ डुकरं मार. यात काय गोडी आहे ते मला पाच महिन्यांत कळलेलं नाही. चित्रंही आजच्या मानाने जुनाट आहेत असं नातवाचे मित्र म्हणतात. मला तेवढं दिसत नाही, हा मोतीबिंदूचा फायदा.

पण लढाईचा एक नियम मला फार आवडला. इथे अंगातलं रक्त मोजत नाहीत, उमेद मोजतात. शत्रूचा घाव बसला की उमेद कमी होते. ती संपली तर तुम्ही मरत नाही. माघार घेता आणि दगडांच्या एका रिंगणात पुन्हा उभे राहता. आणि खचलेल्या सोबत्यांची उमेद वाढवायचं काम वैद्याचं नाही, गवयाचं! माझी चिंगी मिन्स्ट्रेल आहे, म्हणजे आपला शाहीरच. लढणारे पुढे लढतात, मी मागे उभी राहून ल्यूट वाजवते आणि त्यांचे पडलेले आकडे वर चढतात.

लढाई नसतानाही वाद्य वाजवता येतं, आणि ते खरोखरचं. कॉम्प्युटरच्या आकड्यांच्या कळांवर सप्तक उमटतं. सगळे शुद्ध स्वर, म्हणजे बिलावल. त्यातून म आणि नी वगळले की झाला भूप! लहानपणी वाईला पेटीवर शिकलेलं तेवढंच बोटांत उरलं होतं. ब्री गावातल्या 'प्रान्सिंग पोनी' खानावळीपुढे मी भूपाची सरगम वाजवत बसले, तर चार-पाच अनोळखी लोक येऊन उभे राहिले. एकाने माझ्यासमोर नाच केला. एकाने विचारलं, हे एल्फांचं संगीत का? मी लिहिलं, नाही, सातारा जिल्ह्यातलं. हौशी खेळाडूंचे इथे वाद्यवृंद आहेत आणि वेदरटॉप नावाच्या डोंगरावर २००९पासून त्यांनी संगीताचा जलसा भरवायला सुरुवात केली.

अशा खेळाडूंच्या मंडळाला इथे किनशिप म्हणतात. मराठीत शब्दाला शब्द ठेवला तर भाऊबंदकी होईल आणि सगळा अर्थच पालटेल! तेव्हा गोतावळा म्हणू या. आमच्या गोतावळ्यात एक स्कॉटिश लॉरी ड्रायव्हर आहे, एक जर्मन नर्स आहे, बाकी कोण काय ते मी विचारलेलं नाही. सगळ्यांशी बोलणं टाइप करून. नातवाला माझ्याशी खाजगी काही बोलायचं असलं तर पंचाईत होई, कारण घाईत तो खाजगीऐवजी सगळ्यांना दिसेल असं लिहून बसे. एके शनिवारी त्याने आपणहून लिहिलं, अक्षरं रोमन पण शब्द मराठी: "आज्जी, इकडे ये, लपून." मी बघतच राहिले. रविवारच्या मराठी शाळेत चार वर्षं जाऊन हा मुलगा 'माझे नाव' याच्या पुढे गेला नव्हता. मराठी आपली भाषा आहे, संस्कृती आहे, हे त्याला आम्ही सगळ्यांनी सांगून झालं होतं. ती इतरांना कळत नाही, हा तिचा गुण मात्र त्याचा त्याने शोधला. आता तो शब्द विचारतो. 'सापळा' हा शब्द त्याला आला, 'पळ' तर यायलाच हवा होता, आणि परवा त्याने एका ट्रोलला 'गाढवा' म्हटलं. लेकीला मी सांगितलं की प्रगती आहे.

फोनवर आमचं बोलणं म्हणजे "काय जेवलास?" "पास्ता." "शाळा कशी आहे?" "गुड." संपलं. व्हिडिओवर तर एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचं, त्याने आणखीच अवघड होतं. खेळात तसं नाही. फोन स्पीकरवर टेबलावर ठेवायचा आणि पूर्वेच्या मोठ्या रस्त्याने चालू लागायचं. या रस्त्यावर ठिकठिकाणी घोडे मिळतात. चार नाणी टाकली की पोचवतात. नातू सुरुवातीला वैतागायचा, "आज्जी, घोडा घे ना!" मी म्हणायची, मला चालायचं आहे. वाईला आम्ही संध्याकाळी घाटाकडून मेणवलीच्या रस्त्याला चालत जायचो, बाबा आणि मी. दोघंही समोर बघत. मोठ्या गोष्टी सगळ्या त्याच रस्त्यावर बोलून झाल्या, माझ्या लग्नाचीसुद्धा.

तसंच एकदा हॉबिटनहून ब्रीला निघालो होतो. फ्रॉगमॉर्टन मागे पडलं होतं, ब्रँडीवाइनचा दगडी पूल दिसायला लागला होता. तो इंग्रजीत म्हणाला की शाळा बदलल्यापासून डब्याच्या सुट्टीत तो एकटाच बसतो. लायब्ररीत. सप्टेंबरपासून. आईबाबांना सांगितलेलं नाही, कारण ते लगेच शाळेला फोन करतील.

मी काय बोलणार? चार हजार मैलांवर नसलं तरी साडेतीन हजार मैलांवर मी. पंचेचाळीस वर्षांपूर्वी इथे आल्यावर नोकरीच्या जागी मीही डबा जिन्यात बसून खायची, भाजीच्या वासापायी. ते त्याला सांगितलं. "मग?" म्हणाला. मग एक आयरिश बाई होती, तीही जिन्यात यायची, सिगारेट ओढायला. तो हसला. पुलावर थांबलो, मी ल्यूट वाजवली, तो कठड्याशी उभा राहिला. नंतर बराच वेळ तो शाळेबद्दलच बोलत होता. ब्रीच्या फाटकाशी पोचलो तेव्हा माझ्याकडे रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि कुकर लावायचा राहिला होता.

पुढे दोन आठवड्यांनी त्याने आईला स्वतः सांगितलं. हे इथे लिहायची परवानगी मी त्याच्याकडून घेतली आहे. अट एकच होती, कोंबडीचं लिहायचं नाही. त्याला वाटतं मी ती पाळली.

आता त्याच्या परीक्षा आहेत आणि शनिवारी हॉकी सुरू झाली आहे, लायब्ररीतल्याच एका मुलाबरोबर. त्यामुळे गेले तीन शनिवार यादीत त्याचं नाव उजळत नाही. ब्रीच्या पूर्वेला लोन-लँड्स नावाचा उजाड मुलूख आहे. तिथल्या खानावळीचं छप्पर निम्मं उडालेलं आहे. "तिथवर जा आणि थांब, पुढे एकटी जाऊ नकोस, वेदरटॉपला मी आल्यावर जाऊ," असा हुकूम आहे. मी आपली तिथे बसून आहे. भूपानंतर आता दुर्गा बसवते आहे, त्याला ग आणि नी वगळायचे. ऐकायला खानावळवाला आहे आणि अधूनमधून जाणारे-येणारे.

वाचकांपैकी कोणी या बाजूला आलंच, तर हाक मारा. हिरव्या झग्यातली, कुरळ्या केसांची, ल्यूटवाली चिंगी. मराठीत लिहिलंत तरी चालेल, दुसऱ्या कोणाला कळत नाही.