करवतीचा खर्च

पावसाळा तोंडावर आला की पेण-रोह्यातून फोन वाढतात. कौलांवर झुकलेला आंबा, विजेच्या तारांत घुसलेली जांभूळ. भाव सांगितला की ठरलेलं उत्तर येतं, "अहो, तासाभराचं तर काम!"

असतं तासाभराचंच. पण करवतीला लिटरभर पेट्रोलमागे वीस मिली टू-स्ट्रोक ऑइल लागतं, साखळीचं ऑइल वेगळं. खरी खाते ती साखळी. जुन्या झाडात कुणीतरी कधीकाळी ठोकलेला खिळा निघतो (बहुधा कपडे वाळत घालायच्या तारेसाठीचा) आणि नवी साखळी क्षणात बोथट. धार असेतो लाकडाचे कपचे उडतात. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबून कानस काढायची. हट्टानं दाबत राहिलं तर पट्टीही जाते. दोर, हार्नेस, हेल्मेट यांत मात्र मी काटकसर करत नाही. झिजलेला दोर सरळ तुकडे करून टाकतो, नाहीतर कुणीतरी तोच पुन्हा कमरेला बांधतं.

३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ रायगडात शिरलं आणि वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पडलेलं झाड कापणं उभ्याहून जोखमीचं. दाबाखालची फांदी सुटली की उसळून अंगावर येते. त्याचा वेगळा भाव लावला, तर लोकांना तो लुटारूपणा वाटतो.

शिवाय नगरपालिका हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानं परवानगी लागते. तेव्हा मे महिन्याअखेरी धावाधाव करू नका. दिवाळीनंतरच झाड दाखवायला बोलवा.