काळ्या मातीचा दाखला

भीमाशंकरच्या रानात उगम पावलेल्या भीमेला पश्चिमेचा समुद्र जवळ होता. तरी तिने पूर्वेची दूरची वाट पत्करली, आणि हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वरापाशी सीनेला पोटात घेऊन, पुढे कृष्णेत विलीन होऊन ती बंगालच्या उपसागराला जाते, त्यामुळे सोलापूरकडच्या आमच्या मंद्रूपच्या शिवारात पडलेले पावसाचे पाणीही शेवटी त्या दूरच्या समुद्रालाच पावते. मी मात्र पाण्याच्या उलट दिशेने गेलो. सरकारी चाकरीत वेंगुर्ले तालुक्यात बदली झाली, शिरोडे-आरवलीच्या पट्ट्यात बिऱ्हाड केले, आणि ज्या प्रदेशात नेमणुकीची मुदत काढून परत फिरावे अशा बुद्धीने आलो होतो, त्याच प्रदेशात निवृत्तीनंतर थोडी जमीन घेऊन राहिलो. रब्बीच्या सुगीला मंद्रूप आणि काजूच्या हंगामाला शिरोडे, अशी वर्षाची विभागणी आता अंगवळणी पडली आहे.

हे लिहिण्यास निमित्त झाले ते माझ्या पुतण्याच्या पत्राचे. सोलापुरात वस्त्रनिर्मितीचे शिक्षण घेऊन तो जावा बेटावरील एका सूतगिरणीत नोकरीस आहे, आणि सुटीत लोंबोक बेटावर गेला असता तेथील एका कोळ्यांच्या खेड्याने त्याचे मन असे वेधले की समुद्रकाठी नारळीची बाग, तीत एक लहानसे घर आणि पाहुण्यांसाठी दोन खोल्या, एवढ्या संकल्पाने तो भारून गेला आहे. ‘काका, तुम्ही दर्याकाठी पैसा घातलात आणि राहिलातही, परतावा किती धरावा?’ असा त्याचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. परंतु दर्याकाठच्या खेड्यात परताव्याचा हिशेब ज्या क्रमाने मांडावा लागतो, तो क्रम त्याला ठाऊक नाही, आणि मलाही तो कोणी सांगितला नव्हता. गावानेच तो हळूहळू उलगडून दाखविला.

जमीन घेण्याचा विचार मी घरी काढला तेव्हा आमचे अप्पा ओसरीवर बसून शाळूची कणसे न्याहाळीत होते. ते एवढेच म्हणाले, ‘खारं पानी पिकाला चालंना, मग तितं रान कशाला?’ त्यांच्या दृष्टीने जमीन म्हणजे काळी, भेगाळणारी, सप्टेंबरातल्या एका चांगल्या पावसाची ओल माघापर्यंत पोटात सांभाळून मालदांडीला पोसणारी जमीन. बाकीचे सारे माळ. आणि नवल असे की कोकणातली ती तांबडी जमीन मला मिळाली ती याच काळ्या जमिनीच्या जोरावर. 1948 च्या कुळवहिवाट कायद्याच्या 63 व्या कलमान्वये या राज्यात शेतजमीन घ्यावयाची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. तेव्हा मंद्रूपच्या सातबाऱ्याचा उतारा आणि शेतकरी असल्याचा दाखला खरेदीखतास जोडला, तेव्हाच दुय्यम निबंधकाच्या कचेरीत माझे दप्तर पुढे सरकले.

परंतु दस्त होण्यापूर्वीचा काळ मला अधिक मोलाचा वाटतो. कोकणातला सातबारा आमच्याकडच्यासारखा एका नावाचा क्वचितच असतो. आजोबाच्या आजोबाची वाटणी झालेली नसते, त्यामुळे एका लहानशा तुकड्यावर सामायिक खातेदारांची लांबलचक रांग उभी, त्यांतली निम्मी नावे मयतांची, वारसनोंदी राहून गेलेल्या, आणि हयात वारस लालबाग-परळपासून डोंबिवलीपर्यंत पांगलेले. त्या प्रत्येकाच्या दारी मी गेलो. कोणी चहा दिला, कोणी दार अर्धेच उघडले, आणि एका वृद्ध बाईंनी सही करण्यापूर्वी मला विचारले की त्या जमिनीच्या कडेला आंब्याचे झाड होते ते आहे का. ते होते. ते तोडणार नाही असे मी सांगितले, मग त्यांनी कागद पुढे ओढला. त्या फेऱ्यांत मला उमगले की जिच्या नावे वर्षानुवर्षे दमडीचा वसूल येत नाही अशा जमिनीवरही माणसाचा जीव किती खोल गुंतलेला असतो. फेरफाराच्या नोंदीने मालकी बदलते, पण हा जीव त्या नोंदीने हलत नाही, त्याला निराळ्या रीतीने सामोरे जावे लागते.

तेथल्या पडीक जमिनींचे कारणही त्याच इतिहासात दडलेले आहे. खोतीचा जाच या भागाने पिढ्यान्‌पिढ्या सोसला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले, खोती प्रत्यक्ष गेली ती स्वातंत्र्यानंतर, आणि 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी कसणाऱ्या कुळांना मालकीचा मार्ग खुला झाला. न्याय झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. पण त्याची एक सावली मागे राहिली: शेजाऱ्याला कसावयास दिले तर तो कूळ म्हणून लागेल, या धास्तीने मुंबईकर मालकाने जमीन ओस ठेवली, आणि शेजारी ती कुंपणाबाहेरून पाहत राहिला.

माझी जमीन वरकस. वर जांभ्याचा कातळ, उताराला थोडी माती. समुद्र दिसतो, पण भरतीरेषेपासून ती पुष्कळ आत आहे, आणि हे मी मुद्दाम पाहिले. कारण 1991 पासून लागू असलेल्या किनारा नियमनाने विरळ वस्तीच्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंतच्या पट्ट्यात नवे बांधकाम सहसा होऊ दिलेले नाही, आणि ज्यांना हे सांगितले जात नाही असे लोक ऐन वाळूवरचा तुकडा घेऊन पस्तावतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून काजूची कलमे आणली. हेक्टरी दोनशेच्या हिशेबाने खड्डे घ्यावयाचे, आणि कातळात खड्डा घेणे म्हणजे पहारीने ठिणग्या काढणे. आमच्याकडे वर्षाकाठी जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच्या प्रत्येक सरीचा आम्ही हिशेब ठेवतो. येथे तीन हजारांच्या आसपास पडतो, आणि पाऊस अडविण्याऐवजी त्याला वाट कशी करून द्यावी हे मला नव्याने शिकावे लागले. पौषात मोहोर धरतो, त्यावर ढेकण्या पडतो. चैत्रात बोंडे पिकतात तेव्हा हवेत एक आंबूस-गोड दर्वळ भरून राहतो, जो आता मला ज्वारीच्या हुरड्याइतकाच आपला वाटतो. मे 2021 मधील तौक्ते वादळाने किनारपट्टीवरची आंबा-काजूची झाडे मुळासकट लोळविली, तेव्हा माझीही गेली. पंचनामा झाला. पण त्याआधीच, वाट मोकळी करावयास कोयते घेऊन शेजारची माणसे न बोलावता आली होती, आणि त्यांची स्वतःची कौले त्या वेळी उडालेली होती.

ही माणसे का आली, हे सांगावयाचे तर रापणीविषयी सांगावे लागेल. रापणीचे जाळे कोणा एकाचे नसते. संघातली घरे आपापल्या वाट्याची भर त्यात घालतात. होडी जाळे घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ काढते, आणि मग किनाऱ्यावर माणसांच्या दोन रांगा दोन्ही टोकांचे दोर ओढू लागतात. ओढण्याला घाई नसते. पावले वाळूत रुततात, रांग मागे सरकते, शेवटचा गडी दोर सोडून पुढे जातो आणि पाण्याच्या कडेला पुन्हा धरतो. जाळे काठाला लागल्यावर तारली, पेडवे, बांगडे यांची रास पडते आणि वाटे होतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे, आणि दोराला हात लावलेला परका मनुष्यही रिकाम्या हाताने परत जात नाही. भांडवल, श्रम आणि दैव यांची इतकी निर्मळ वाटणी मी कोणत्याही पेढीच्या चोपड्यात पाहिली नाही. यांत्रिक पर्ससीन नौकांनी ही रीत पार खिळखिळी केली. सरकारने 2016 साली त्यांच्यावर निर्बंध घातले तरी रापणीचे पूर्वीचे दिवस परतले नाहीत, आणि याचे मला मनापासून दुःख आहे.

या रापणकरांची किनाऱ्याला उतरण्याची पायवाट माझ्या जमिनीच्या कडेने जाते. सातबाऱ्यावर तिची नोंद नाही. मोजणी झाली त्या दिवशी सल्ला देणारे पुष्कळ होते, ‘कुंपण घालून घ्या, नाहीतर वहिवाट शाबीत होईल’, आणि कायद्याच्या दृष्टीने ते खोटे बोलत नव्हते. आजूबाजूला अशी कुंपणे पडतच होती; पर्यटकांसाठी घरे बांधणाऱ्यांनी चिरेबंदी गडगे घालून पिढीजात वाटा बंद केल्या होत्या, आणि डोक्यावर टोपली घेतलेल्या बायका मोठा वळसा घालून जात होत्या. मी गडगा वाटेच्या अलीकडे घातला. त्यावर कोणी काही बोलले नाही. फक्त एक वृद्ध रापणकर जाता जाता थांबून म्हणाला, ‘जमीन घेतलात, आता गाव घेवचो रवलो.’ पुढे ग्रामदेव वेतोबाच्या जत्रेच्या दिवसांत देवळात गाऱ्हाणे घातले जात असता मानकऱ्याने माझ्याकडे पाहून शब्द वाढविले: ‘घाटावरसून इललो हा, तेका आपलो म्हण रे म्हाराजा’, आणि सारा समुदाय ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला. गळ्यात इष्टलिंग असलेला मी मंद्रूपचा मनुष्य, वेतोबाच्या राखणीत त्या दिवशी दाखल झालो; कोणत्याही खरेदीखताने हा हक्क मला मिळाला नसता.

पुतण्याला मी वेंगुर्ल्याच्या बंदराजवळच्या डच वखारीविषयी लिहिले. 1637 साली डचांनी गोव्याच्या पोर्तुगीजांवर डोळा ठेवण्यासाठी ती थाटली, आणि तिची सूत्रे ज्या बटेव्हियाकडे होती ते शहर म्हणजे आजचे जाकार्ता, जेथून त्याचे पत्र आले. अफाट भांडवल, तोफा आणि जाड भिंती घेऊन ती मंडळी आली होती. आज भिंतींत पिंपळाची मुळे शिरली आहेत. त्याच वेंगुर्ले तालुक्यात 1920 साली सांगलीचा एक तरुण शिक्षक म्हणून आला आणि 1938 पर्यंत शिरोड्याच्या शाळेत शिकवीत राहिला. वि. स. खांडेकरांजवळ पैसा नव्हता. त्यांनी गावाला आपल्या उमेदीची वर्षे दिली, 1930 चा मिठाचा सत्याग्रह याच गावच्या मिठागरांवर पाहिला, आणि गावाने त्यांना लेखणीस आयुष्यभर पुरेल इतके दिले.

लोंबोकविषयी मला जे वाचून कळले तेही त्याला कळविले आहे. इंडोनेशियाच्या 1960 च्या भूमी कायद्याने जमिनीची पूर्ण मालकी स्वदेशाच्या नागरिकांपुरती राखली. परकीयास मिळतो तो ठरावीक मुदतीचा वापराचा हक्क. हे टाळण्यासाठी स्थानिक माणसाच्या नावे बेनामी खरेदी करण्याची वाट दलाल दाखवितात. ती कायद्याने रद्दबातल आहे, आणि शिवाय एका गरीब कोळ्याला आपल्या लबाडीत गोवणारी आहे, म्हणून मला ती दुप्पट निंद्य वाटते. 2018 च्या भूकंपाने त्या बेटावर पाचशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हा घर बांधावयाचेच तर तेथील लोकांच्या हलक्या लाकडी बांधणीकडे आधी पाहावे. तेथे गावांचे स्वतःचे निर्बंध आहेत, आविग-आविग म्हणतात त्यांना, आणि समुद्राचा कोणता भाग कधी बंद ठेवावा हे काही गावे त्यान्वये ठरवितात. ते नियम कोणत्या घरी विचारावयाचे हे कळेपर्यंत तेथे भाड्याने राहा, एक सबंध पावसाळा काढ, भाषा शिक, कोणाच्या तरी जाळ्याचा दोर ओढ. परताव्याचा आकडा मी मुळीच लिहिला नाही, कारण माझ्या काजूचा आकडा त्याच्या नारळाला लागू पडणार नाही.

पत्राच्या शेवटी त्याने भांडवलासाठी मंद्रूपचा आपला वाटा विकण्याची गोष्ट काढली होती. तेथे मात्र मी स्पष्ट नकार दिला आहे. ते रान गेले तर या राज्यात शेतकरी म्हणून त्याची पात्रताच उरणार नाही. उद्या परत येऊन वेंगुर्ल्यास काय किंवा मंद्रूपला काय, एक गुंठाही त्याला सहजासहजी घेता येणार नाही. अप्पांच्या मागे वारसनोंद झाली, पण वाटप अद्याप व्हावयाचे आहे. येत्या संक्रांतीला तो सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी येतो आहे. तेव्हा तहसिलीत अर्ज करून त्याचे नाव स्वतंत्र सातबाऱ्यावर चढवून घेऊ, त्याला आठ दिवस शिरोड्यास नेऊ, आणि लोंबोकचे मग बोलू.